जावई पिवळ्या रेषेत

आमची आई जावयाशी थेट बोलत नसे. भांडण वगैरे काही नाही, उलट जीव होता तिचा त्याच्यावर. पण जावई म्हणजे मान, आणि मान राखायचा तर मधे एक माणूस हवा, असं तिचं पक्कं मत. तो मधला माणूस म्हणजे मी. नवरा तिच्या समोरच्याच खुर्चीत बसलेला असायचा आणि आई मला म्हणायची, "त्यांना विचार, चहा घेणार का." तो म्हणायचा, "घेईन की." मग आई माझ्याकडे बघत राहायची. "घेईन म्हणतोय" असं मी सांगेपर्यंत गॅस पेटायचा नाही. लग्न झाल्यापासून हे टपालखातं मी बिनपगारी सांभाळत होते.

अशा बाईवर फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलून नेणारी गाडी, शिकायची वेळ आली आणि शिकवणारा निघाला माझाच नवरा.

झालं असं, की आई ज्या गोदामात खोकी भरायचं काम करायची तिथे खोकी भरणारं यंत्र आलं. साहेबांनी सगळ्या बायकांना बोलावून गोड आवाजात सांगितलं, महिनाअखेर तुमचा विभाग बंद. ज्यांच्याकडे फोर्कलिफ्टचं सर्टिफिकेट असेल त्यांना माल हलवायच्या कामावर ठेवू, बाकीच्यांनी आमच्या शुभेच्छा घेऊन जावं. मी आईला म्हटलं, आता पुरे झालं, माझ्याकडे राहायला ये. ती म्हणाली, "तुझ्याकडे मी पाहुणी म्हणून येईन. मुक्कामाला नाही." वडील गेल्यावरही ती स्वतःच्या दोन खोल्यांत, स्वतःच्या कमाईवर, स्वतःच्या तोऱ्यात राहिली होती. त्या खोल्या सुटल्या असत्या तर आई मोडली असती, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी गप्प बसले, आणि गप्प बसणं हे काही माझं काम नव्हे.

आमच्या कम्युनिटी कॉलेजात केक करण्यापासून नळ जोडण्यापर्यंत सगळ्याचे छोटे छोटे कोर्स आहेत. माणूस एक नोकरी सुटली की तिथे शिरतो आणि दुसरी नोकरी शोधायला बाहेर पडतो. फोर्कलिफ्टला शिक्षक एकच. सासूचं नाव यादीत बघून नवरा चार ठिकाणी बोलून आला आणि परीक्षेला बाहेरची परीक्षक बोलावून घेतली. "ओळखीवर पास केलं असं कुणी म्हणायला नको," म्हणाला. हे ऐकून आई खूश झाली. "त्यांना सांग, शाबास," म्हणाली.

पहिल्याच तासाला आईने शेवटचा बाक धरला. शेजारी एक शिंपीकाका होते. सुईत दोरा ओवणं जमेना म्हणून धंदा बदलायला आलेले, भिडस्त गृहस्थ. आईने त्यांना हळूच सांगितलं, "त्यांना विचारा, हे पुढचे काटे चालताना किती उंच ठेवायचे." शिंपीकाका उभे राहिले. "सर, बाई विचारतायत..." नवऱ्याने उत्तर दिलं, शिंपीकाकांनी ते वळून आईला सांगितलं. पुढच्या आठवड्यापर्यंत नवऱ्यालाही सवय लागली. "शिंपीकाका, त्यांना सांगा, जमिनीपासून वीतभर." मला हे कळलं तेव्हा पोट धरून हसले. आपल्याशिवाय दुसरीकडेही टपालखात्याची शाखा निघाली, याचं थोडं वाईटही वाटलं.

गाडी आईच्या हाताला लगेच बसली. अडलं ते पिवळ्या रेषेपाशी. गाडीच्या वाटेवर पिवळ्या रेषांची चौकट आखलेली असते. चौकटीत माणूस दिसला की गाडी थांबवायची, हॉर्न द्यायचा, त्याच्या डोळ्यांत बघून खणखणीत आवाजात म्हणायचं, "बाजूला व्हा." तो हलला की मगच पुढे. सरावाला चौकटीत उभा राहायचा तो अर्थातच शिक्षक. आई गाडी छान थांबवायची, आणि मग हात मांडीवर ठेवून वाट बघत बसायची. जावयाला हॉर्न द्यायचा? त्याच्यावर ओरडायचं? ती शिंपीकाकांना शोधत इकडेतिकडे बघायची, आणि ते बिचारे रेषेच्या पार पलीकडे उभे असायचे.

सराव परीक्षेत नवऱ्याने तिला नापास केलं. घरी आला तेव्हा मी दारातच होते.

"स्वतःच्या सासूला नापास करतोस?"

"उद्या गोदामात कुणी वाटेत आलं आणि या गप्प बसल्या तर? कुणाच्या पायावरून गाडी गेली म्हणजे?"

त्याचं बरोबर होतं. चुकलेल्या नवऱ्याचा येत नाही एवढा राग बरोबर असलेल्या नवऱ्याचा येतो. त्या दिवशी मी त्याला सकाळचंच वाढलं.

मग मी आईचा वर्ग माझ्या हातात घेतला. नवऱ्याचं भगवं जाकीट घातलं, त्याचं हेल्मेट चढवलं, काजळाने मिशी काढली आणि त्याच्यासारखी हाताची घडी घालून आमच्या घरातल्या बोळकांडीत उभी राहिले. आईने चाकांच्या खुर्चीवर कपड्यांची बादली ठेवली आणि ढकलत आणली. माझ्यासमोर थांबली. माझ्या मिशीकडे बघितलं आणि लाजली.

"जरा बाजूला होणार का? म्हणजे, घाई नाही."

"आई, तू पाहुणी म्हणून आलीस की माल हलवायला?"

"तुमची हरकत नसेल तर," आई म्हणाली.

मी वैतागून हेल्मेट काढलं. त्याबरोबर ती कडाडली, "हो बाजूला, कार्टे. केव्हाची उभी आहेस मधे." आवाजाला काही झालेलं नव्हतं. तो फक्त जावयापर्यंत पोचत नव्हता. तेवढ्यात दार उघडून खुद्द जावई आत आला. बादली, आई आणि आपलीच मिशी लावलेली बायको बघून तो आल्या पावली फिरायला निघून गेला.

परीक्षेच्या दिवशी मी मैदानाच्या तारेच्या कुंपणाबाहेर उभी होते. परीक्षक बाई उंच, चष्म्याला साखळी, तोंडात शब्द मोजून ठेवलेले. आईने गाडीभोवती फिरून चाकं पाहिली, पट्टा बांधला, काटे मालाखालच्या लाकडी पॅलेटमध्ये सरकवले, माल अलगद उचलला, मागे घेतली, वळवली. सगळं लोण्यासारखं. वळणापुढे पिवळी चौकट होती, आणि चौकटीत हाताची घडी घालून माझा नवरा.

आई थांबली. हात मांडीवर गेले. मी तार इतकी घट्ट धरली की बोटांवर वळ उठले. परीक्षक बाई हातातल्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या.

आणि तेव्हा माझा तो काटेकोर नवरा बुटाची नाडी बांधायला वाकला, आणि वाकल्या वाकल्या खेकड्यासारखा सरकत रेषेबाहेर गेला. त्याच्या बुटांना नाड्या नाहीत. वाट मोकळी झाली होती, कुणी पाहिलं नव्हतं, आईने फक्त पुढे जायचं होतं. तो मला त्या क्षणी फार आवडला.

आईने गाडी बंद केली.

"जावईबापू."

अख्खं मैदान वळलं. ती त्याच्याशी बोलली होती. मी मधे नसताना, शिंपीकाकाही मधे नसताना.

"मागे या. रेषेत उभे राहा."

"आई, अहो, असू दे ना..."

"उभे राहा म्हटलं ना. मला खैरात नको."

तो शाळकरी पोरासारखा चौकटीत येऊन उभा राहिला. आईने गाडी चालू केली आणि असा काही हॉर्न दिला की शिंपीकाकांच्या हातून हेल्मेट पडलं. मग जावयाच्या डोळ्यांत डोळे घालून ती ओरडली, "बाजूला व्हा!" इतक्या वर्षांचा साठलेला आवाज होता तो. नवरा अक्षरशः उडाला.

परीक्षक बाईंनी चष्मा खाली केला. "हे कोण?"

"जावई," सवयीने आईच्या वतीने शिंपीकाका म्हणाले.

बाईंनी शांतपणे लिहिलं आणि लिहिलेलं मोठ्याने वाचलं. "इशारा स्पष्ट. पादचारी कच्चा."

आई आता गोदामात माल हलवते आणि रविवारी आमच्याकडे पाहुणी म्हणून येते. पण एकदा सुटलेला आवाज परत आत जाईना. "जावईबापू, ताट उचला. जावईबापू, तो पंखा कशाला चालू ठेवलाय?" तो मुकाट्याने उठतो. मग दोघं वळण कसं घ्यावं यावर माझ्या डोक्यावरून तासभर वाद घालतात. मधल्या खुर्चीत मी बसलेली असते आणि मला कुणी काही विचारत नाही. गेल्या रविवारी मी म्हटलं, "आई, त्याला विचारू का, चहा घेणार का?" आई म्हणाली, "तू कशाला? त्यांनीच ठेवलाय."

मला खरंच लागलं ते. मी नवऱ्याला म्हटलं, तुझ्या कॉलेजात माझ्यासाठी एखादा कोर्स बघ.

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गंभीर चेहरा करून आईला म्हणाला, "आई, तिला विचारा, आधीच्या कामाचा अनुभव काय."

आईने माझ्याकडे मान वळवली. ओठ दाबून हसू आवरत होती. "ते विचारतायत, अनुभव काय?"

"त्यांना सांग," मी म्हटलं, "टपालखातं."