मल्लव्वाची घागर

"कुठली घागर मोडीत दिलीस?" गुरुसिद्धांनी परत विचारलं.

"ती गळकी, आप्पा. वाकड्या नावाची. तुमीच शिकताना गिरवल्यालं असंल, म्हटलं."

भांड्यांवर नावं घालण्यात गुरुसिद्धांचा जन्म गेला होता. नवशिक्याने जुन्या भांड्यावर हात बसवायचा, हे त्यांच्या लेकीला, शिवांजलीला, लहानपणापासून ठाऊक. अशी चूक तिच्याच घरात होऊ शकत होती.

"माझं न्हवं ते. तुझ्या अव्वानं लिवल्यालं. शाळंचं तोंड बघितलं न्हवतं तिनं. मशीन हातात घिऊन तेवढं आपलं नाव लिवलं, आनि दिवसभर हसत बसली."

अव्वा, तिची आई, जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या हातचं दुसरं अक्षर घरात नव्हतं.

दोघं धावतच मोडवाल्याकडे गेली. तो म्हणाला, "कालच भट्टीत गेलं की सगळं. मोडीचं निस्तं वजन बघायचं असतंय, आण्णा. नाव कोन वाचतंय?"

ते २००४ साल होतं. शिवांजली विद्यापीठात फिजिक्स शिकत होती आणि दुसऱ्या दिवशी तिला वर्गात कृष्णविवरांवर बोलायचं होतं. परतताना ती बापाची समजूत काढायला तेच घेऊन बसली. पोरीकडे दुसरं होतं तरी काय!

"आप्पा, आकाशात कृष्णविवर असतंय. त्याचा काठ एकदा वलांडला की काय बी माघारी येत न्हाई. आत घागर पडूदे न्हाईतर डोंगर, भायेरनं कळतंय ते जवळजवळ वजनच. फुडं ते विवर बी हळूहळू विरून जातंय. मग आत पडल्याल्याची खूण गेली कुठं? तीस वर्षं शास्त्रज्ञ भांडाय लागल्यात. पर नियम म्हणतोय, खूण पुसली जात न्हाई. कुठंतरी ऱ्हातीच."

"ऱ्हाती न्हवं? मग वाचता येतीया व्हय?"

"अजून कुनाला जमल्यालं न्हाई."

गुरुसिद्धांनी नुसती मान डोलावली. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर त्यांनी पितळेचा एक पत्रा घेतला आणि मशीन चालू केलं. मल्लव्वा. नाव सुरेख उमटलं. त्याखाली पुन्हा लिहिलं, हात मुद्दाम सैल सोडला, डोळे मिटून पाहिले. इतक्या वर्षांचं वळण, ते काही हटेना. शेवटी त्यांनी मशीन डाव्या हातात धरलं.

पत्रा उजेडाला धरून ते बराच वेळ बघत राहिले. मग लेकीकडे न बघता म्हणाले,

"वाकडं आलंय. पर तिचं न्हाय."