श्रावणातलं शिसं

मित्रांनो, नाकं मुरडू नका. आज मी बुडाला भोक पडलेली, गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली लोखंडी कढई आहे. पण उमरग्याच्या हायवेवर, नागूबाईच्या गाड्यावर, तीस वर्षं माझ्याच पोटात मासळी तळली. ट्रकवाले माझ्या वासानं ब्रेक दाबत. सास्तूरच्या लोहारानं मला घडवलं आणि नागूबाईनं नांदवलं. रोज राखेनं घासायची आणि सुनेला ऐकू जाईल असं म्हणायची, "अशी चकाकी तुझ्या माहेरात तरी बघितलीस का?" मलाही तोरा होता. खोटं कशाला बोलू?

श्रावणात मासळीला गिऱ्हाईक नसतं. गाडा बंद, मी रिकामी. मग नागूबाईचा मुलगा बंडप्पा मला तळ्यावर न्यायचा. जाळं पाण्यात बुडायला शिशाच्या गोळ्या लागतात. तो भंगारातल्या जुन्या बॅटऱ्या काठावर फोडायचा, आतल्या पट्ट्या तळ्यातच धुवायचा आणि तीन दगडांवर मला ठेवून शिसं वितळवायचा. ते जड, चंदेरी पाणी पोटात फिरलं की मला धडकी भरायची. नंतर राख, काथ्या, पुन्हा लखलखाट. पण माझ्या बुडाच्या बारीक खड्ड्यांत ते बसून राहायचं आणि गाडा सुरू झाला की तेलात उतरायचं. मला कळत होतं. सांगणार कशी?

गिऱ्हाईक सरल्यावर बुडाचा कुरकुरीत चुरा नातीचा, आरोहीचा. सात वर्षांची पोर चमच्यानं मला खरवडायची. आधी तो आवाज गोड वाटायचा. मग तिचं पोट दुखायला लागलं. तोंड पांढरं पडलं. पाठ असलेले पाढे ती विसरू लागली. पुढं पुढं चमचा लागला की खाली जाळ असूनही मी गार पडायची.

डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला पाठवलं. शिसं निघालं. तळ्याच्या काठची चिलापी मासळी तपासली, तिच्यातही निघालं. नागूबाई घरी येऊन तणतणली, "तीस वर्षं लोक खात्यात माझ्या हातचं. कुणी मेलंय का?"

तेवढ्यात आरोही चमचा घेऊन माझ्यापाशी बसली.

नागूबाईनं चमचा हिसकावला. माझ्या बुडावरून बोट फिरवलं, उजेडात धरलं. बोट करडं होतं.

"बंडप्पा, ह्यात काय वितळवलंस?"

"शिसं. तूच तर दिली व्हतीस कढई, आई. दर श्रावणात."

नागूबाईनं जाऊन पहार आणली. बंडप्पा पुढं झाला, त्याला तिनं हात लावू दिला नाही. तिसऱ्या घावाला माझं बूड फुटलं. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

आता गाडा बंद आहे. आरोहीला औषध चालू आहे. ती बरी होईल का, हे मला कुणी सांगत नाही. काठावर फुटक्या बॅटऱ्या तशाच पडल्यात आणि तळ्यात दुसऱ्यांची जाळी पडतात.

काल नागूबाई दवाखान्यात असताना भंगारवाला आला. मला उलटीसुलटी करून म्हणाला, "एक ठिगळ मारलं की झाली नवी." उद्या परत येणार आहे.

म्हणून सांगते, मित्रांनो. कुठल्या बाजारात बुडाला ठिगळ असलेली कढई दिसली, तर तिच्या चकाकीला भुलू नका. आधी विचारा, ही श्रावणात कुठं होती?