कप्तानाची झोप

मथुरा काजूच्या कारखान्यातून परतली तेव्हा दाजींनी माडाच्या बुंध्याशी खड्डा खणून ठेवला होता. शेजारी सुपारीच्या विरीवर, गळलेल्या झावळीच्या रुंद सालीवर, कप्तान आडवा पडला होता. चारी पाय सैल, तोंड किंचित उघडं, जिभेचं टोक दातांत. खड्ड्यात मूठभर मीठही पडलं होतं. मेलेलं जनावर माडाच्या मुळाशी घालायचं ही तिकडची रीत, आणि तिचे सासरे रीतीच्या बाबतीत हयगय करणारे नव्हते.

"सकाळपासून तसोच पडान आसा," दाजी तिच्याकडे न बघता म्हणाले. "दोनदा हलवून बघलंय. गेलो तो."

मथुराने डबा खाली ठेवला. टरफलांच्या तेलाने काळी पडलेली बोटं पदराला पुसली आणि कप्तानाच्या मानेची कातडी चिमटीत धरून त्याला उचललं. तो ओल्या पंच्यासारखा लोंबत राहिला.

"कप्ताना, ऊठ रे."

काही झालं नाही. ती त्याला मांडीवर घेऊन खड्ड्याच्या काठावरच बसली.

"आता मड्याचा काय जागरण करतलंस?"

"थांबा वायच. हलव, हाक मार आणि थांब, असा सांगून गेलेत."

कोण सांगून गेलं हे तिने सांगितलं नाही आणि दाजींनी विचारलं नाही. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. कारखान्यात मुकादमाने विचारलं तेव्हासुद्धा शेजारच्या आनंदीने तिच्या वतीने सांगितलं होतं आणि सगळ्या बाया हसल्या होत्या.

उन्हं माडांच्या शेंड्यांवर गेली. दाजी फावड्यावर हात ठेवून उभे होते. मग मथुराच्या मांडीवर काहीतरी हललं. कप्तानाने जबडा फाकवून जांभई दिली, नाकापासून शेपटीपर्यंत थरथरला, टुणकन खाली उडी मारली आणि थेट त्या खड्ड्यात जाऊन पुढच्या पायांनी माती उकरू लागला. खड्डा आपल्यासाठीच खणलाय याबद्दल त्याला काही शंका दिसली नाही.

"ह्या जनावर नाय. भूत आसा," म्हणून दाजींनी फावडं टाकलं आणि ते घरात गेले. खड्डा तसाच राहिला.

कप्तान म्हणजे फेरेट. हा शब्द घरात फक्त मथुराच्या नवऱ्याला, दत्तारामला, ठाऊक होता, बाकी सगळी वाडी त्याला विलायती मुंगूस म्हणे. दत्ताराम मालवाहू बोटीवर खलाशी होता. इंग्लंडच्या कुठल्याशा बंदरात एका म्हाताऱ्याने ते पिल्लू त्याच्या हातात दिलं आणि दत्तारामने ते कापडी पिशवीत घालून घरी आणलं. मुंबईला कस्टमवाल्याने पिशवीत हात घातला, मऊ, लुळं काहीतरी लागलं, तसा त्याने हात झटकला आणि दत्तारामला पुढे घालवलं. ही गोष्ट दत्ताराम रोज नव्याने सांगे आणि माई, त्याची आई, रोज नव्याने हसे.

"कप्तान नाव कित्या ठेवलात?" मथुराने विचारलं होतं.

"सगळ्या बोटीर एवढा निजणारो दुसरो कोण नाय म्हणान."

खरंच, दिवसाचा मोठा भाग तो झोपेतच काढी. पहाटे थोडा जागा, संध्याकाळी थोडा जागा, मधे सगळी झोप. पण जागा असला की घराला जागं ठेवी. पाठीची कमान करून आडवा उड्या मारी, भिंतीवर आपटे, पुन्हा उडी मारी. चमचे, साबणाची वडी, दाजींची तपकिरीची डबी, जे तोंडात मावेल ते ओढून ट्रंकेखाली नेई. उकाडा त्याला सोसत नसे, म्हणून मथुरा रोज सकाळी पाण्याच्या मडक्याखाली ओलं गोणपाट घालून त्याला तिथे निजवून कामावर जाई. हळूहळू त्याने आपली जाग तिच्या येण्याशी जुळवून घेतली. तिची पावलं अंगणात वाजली की मडक्याखालून गुलाबी नाक बाहेर येई.

दसरा झाल्यावर दत्ताराम परत बोटीवर गेला. एसटीच्या थांब्यावर त्याने तिला शेवटचं सांगितलं ते कप्तानाबद्दलच. "मेल्यासारखो निजता, घाबरा नको. हलव, हाक मार आणि थांब. उठताना थरथरता, ती थंडी नाय. परत येवक तेका तेवढा करूचा लागता." ती हसली होती. चार माणसांत आणखी काही बोलण्याची त्या दोघांना सवय नव्हती.

माघात दत्तारामच्याच बोटीवरचा शिवा आला. मुंबईच्या गाडीने कणकवलीला उतरून, मालवणची एसटी धरून थेट आलेला. पडवीत बसला, पण पायातले बूट काढले नाहीत की पुढे ठेवलेल्या पाण्याला हात लावला नाही. खाली बघतच त्याने सांगितलं. वादळात डेकवर लाट आली. दोर आवळायला गेलेला दत्ताराम कठड्यावरून पलीकडे गेला. बोट फिरवली, दिवसभर शोधलं.

"गावलो नाय," शिवा म्हणाला.

माई भिंतीला टेकून बसली ती बसलीच. दाजींनी तपकिरीची डबी उघडली, मिटली, उघडली. मथुरा दारात उभी होती.

"भावजी, तुमी बघलात?"

"पडताना बघलंय, वैनी."

"मेलेले बघलात?"

शिवाने मान वर केली. "तसा नाय. पण त्या पाण्यात, त्या थंडीत..."

"मगे निजले असतले," मथुरा म्हणाली आणि आत गेली.

वेड लागलं, असं वाडी म्हणाली. वेड नव्हतं. या घरात मेलेलं एकदा उठलं होतं, आणि ते सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. मथुराने कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र काढलं नाही. कामावर जात राहिली, गर सोलत राहिली. मुकादम काही बोलायला गेला तेव्हा आनंदीनेच त्याला गप्प केलं.

माणूस मिळाला नाही की दर्भाचा माणूस करायचा, पळसाच्या पानांत गुंडाळायचा, नारळाचं डोकं लावायचं आणि त्याला अग्नी द्यायचा, अशी सोय शास्त्रात आहे. दाजींनी भटजींना विचारूनही ठेवलं होतं. पण सून जोवर होय म्हणत नाही तोवर कशाला हात लावायचा नाही, असं त्यांनीच ठरवलं. माडाच्या बुंध्याशी तसाच राहिलेल्या खड्ड्याकडे ते अधूनमधून बघत.

घर बदललं. दिवेलागणीला कप्तान उठे आणि ट्रंकेखालून दत्तारामचा तपकिरी पायमोजा ओढत बाहेर आणी. पूर्वी तो त्याच्याशी खेळे. आता उंबऱ्यापर्यंत नेई, तिथे ठेवी आणि मान वर करून अंगणाकडे बघत उभा राही. त्याच सुमाराला माळ्यावर पावलं वाजत. उंदीर असतील, असं दाजी म्हणत, पण म्हणताना त्यांचा आवाज खाली येई. कप्तान तर सगळ्यांच्या समोर उंबऱ्यावर असे.

"तेका दिसता तो," माई कुजबुजे. "दारात येवन रवता. आत कोण घेणा नाय."

ती रोज संध्याकाळी उंबऱ्याशी पाण्याचा पेला ठेवू लागली. सकाळी तो रिकामा असे. कप्तान पीत असेल, असं मथुराला वाटे. माईला तसं वाटत नसे. रिकामा पेला धुताना तिच्या तोंडावर किंचित समाधान दिसे, आणि ते बघून मथुरा पेला तिलाच धुवू देई.

एकदा माई बोलली. "दाजी म्हणतत ता करूया गो. माझ्या झिलाक पाणी मिळूक व्हया. इतक्या पाण्यात गेलो, आणि तानेलोच रवलो तर?"

"आणि ते परत इले तर?" मथुरा म्हणाली. "आपणच जाळून ठेवलेले असले तर खंय येतीत?"

माईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

वैशाख आला आणि कप्तानाची झोप वाढत गेली. आधी पहाटेची जाग सुटली. मग संध्याकाळचीही आखडत चालली. मथुरा घरी येई, हलवी, हाक मारी आणि थांबे. थांबणं रोज लांबत गेलं. उठला तरी उड्या मारत नसे. पायमोजा अर्ध्या वाटेत टाकून तिथेच झोपे. ती गोणपाट दोनदा भिजवू लागली, मधल्या सुट्टीत धावत येऊन बघून जाऊ लागली. कामावरच्या बाया हात थांबवून तिच्याकडे बघत.

आणि एका संध्याकाळी तो उठला नाही. तिने मानेला धरून हलवलं, हाक मारली, मांडीवर घेतलं. ऊन गेलं. तुळशीपुढे दिवा लागला. दाजी येऊन तिच्या शेजारी पायरीवर बसले. या खेपेला फावडं आणलं नव्हतं.

"जेवक चल गो," माईने आतून दोनदा सांगितलं. मग तिने ताट झाकून ठेवलं.

सकाळी कप्तानाच्या डोळ्यांशी मुंग्या लागल्या होत्या. मथुराने त्या एकेक करून बोटाने काढल्या. काढल्या की परत येत होत्या.

तेवढ्यात उंबऱ्याशी माई ओरडली. ओरडणारी बाई नव्हती ती. मथुरा आणि दाजी धावले. माई पेल्याकडे बघत उभी होती.

"भरलेलो आसा," ती म्हणाली. "पेलो भरलेलोच आसा."

एवढे महिने पाणी कोण पीत होतं हे आता कुणी सांगायची गरज नव्हती. माई मटकन खाली बसली. "माझो झील तानेलो रवलो गो. इतके दिस तानेलो रवलो," म्हणत ती उंबऱ्यावर डोकं टेकून रडू लागली. शिवा आला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.

मथुराने तिच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळाने उठली, परसातून स्वतःच फावडं आणलं आणि दाजींच्या हातात दिलं. जुना खड्डा पाचोळ्याने भरला होता. तिने तो हाताने साफ केला, कप्तानाला पायमोज्यासकट आत ठेवलं. दाजींनी मीठ टाकलं, माती ओढली.

"भटजींका बोलवा," ती म्हणाली.

दर्भाचा माणूस खाडीच्या काठावर केला. बायका तिथे जात नाहीत. पण मथुरा मागून चालत आली तेव्हा दाजी वळून एवढंच म्हणाले, "येवंदे तिका." चटईवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेला तो माणूस दत्तारामपेक्षा बराच बुटका होता. नारळाचं डोकं एका बाजूला कललं होतं.

भटजींनी पाणी सोडलं आणि दाजींना पुढे बोलावलं. त्यांच्या आधी मथुरा पुढे झाली. चटईजवळ बसली. जिथे मान असेल तिथलं कापड चिमटीत धरलं आणि हलकेच हलवलं. आतला दर्भ सळसळला.

"दत्ताराम," ती म्हणाली. "उठा."

मग ती थांबली. वाडीतली पुरुषमाणसं एकमेकांकडे बघू लागली. ओहोटी लागली होती, चिखलातून पाणी मागे सरत होतं. भटजी काही म्हणणार होते, "अहो, वेळ..." पण दाजींनी हात वर केला. तेही त्या कापडाकडेच बघत होते.

कुणी थरथरलं नाही.

मथुराने कललेला नारळ सरळ केला, कापडाची सुरकुती तळव्याने नीट केली आणि उठून बाजूला झाली.

"करा," ती म्हणाली.