दिवे विझवायचे नाहीत

कियूताईचा आवाज अबर्डीनच्या बंदरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. बाई बोटीवर जन्मली, या नावेतून त्या नावेत हाका मारत लहानाची मोठी झाली आणि लग्न होऊन दुसऱ्या बोटीवर गेली. ती फोनवर बोलायला लागली की हिला फोनची गरजच काय, असं आजूबाजूच्यांना वाटायचं. मासेमारी सोडून तिने आणि नवऱ्याने, टिनयावने, बोट सहलींना भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून गिऱ्हाइकं तिच्याकडे आणि इंजिन टिनयावकडे, अशी वाटणी होती.

"अख्खी बोट हवीय? देते की!" ती पुइशान नावाच्या मुलीला फोनवर सांगत होती. "लसणातला खेकडा, तिसऱ्या, शेवटी गरम पेज. माकूळ पकडायची हौस असेल तर तिला उजेडाने वर ओढणारे मोठाले दिवेही आहेत. गाण्याचं यंत्र आहे, दोन माईक आहेत."

"माईक नकोत, ताई."

"बरं, नुसती गाणी लावू."

"गाणीही नकोत."

"मग बोट घेऊन करणार काय बाई? ध्यान?"

पुइशान हसली. "आणखी एक. दिवे विझवायचे नाहीत."

इथे मात्र कियूताईचं पित्त खवळलं. बंदराच्या मध्यावर बोट उभी करायची, एका फटक्यात सगळे दिवे घालवायचे आणि दोन्ही काठांची रोषणाई पाहुण्यांच्या अंगावर सोडायची, ही तिची खासियत होती. "पोरी, लोक त्या अंधारासाठी माझ्याकडे येतात!"

"माझ्या आईला आणि तिच्या मैत्रिणींना ऐकू येत नाही, ताई. त्या हातांनी बोलतात. दिवे गेले की त्यांचं बोलणंच बंद."

कियूताईने फोन कानाशी धरून नुसतं ऐकलं. असं फारसं होत नसे.

मग पुइशानने बाकीचं सांगितलं. पलीकडच्या काठावरच्या क्वुन टाँगच्या एका शिवणकारखान्यात या सगळ्या एकत्र कामाला होत्या. आई तिथे आली तेव्हा तिला हातांची भाषाही येत नव्हती. घरात कुणी शिकवलीच नव्हती. शेजारच्या मशीनवरच्या फाँग नावाच्या मुलीने तिला एकेक शब्द दिला. दरवर्षी बंदरात सहल काढायची, हे खूळही फाँगमावशीचंच. यंदा ती चाकांच्या खुर्चीत होती. घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरून बोटीत येणं तिला शक्य नव्हतं. 'तुम्ही जा, माझं काय घेऊन बसलात,' असं तिने कळवलं, आणि त्या दिवशी आईला जेवण गेलं नाही.

"तिच्या वृद्धाश्रमातली बाई तिला क्वुन टाँगच्या काठावर आणून बसवणार आहे. तुम्ही बोट तिच्यासमोर नेऊन उभी करायची. दुसरं कोण बोट थांबवणार तिथे? फाँगमावशीशिवाय सहल झालीय, असं आईला नकोय."

"तिथल्या भिंतीपाशी पाणी फार उसळतं गं. जास्त वेळ नाही थांबता येणार."

"थोडा वेळ चालेल. पण उजेड हवा."

"समजलं," कियूताई म्हणाली. मग इंजिनघराकडे तोंड करून तिने हाळी दिली, "ए म्हाताऱ्या! या सहलीला दिवे विझवायचे नाहीत!"

"हो हो," खालून उत्तर आलं.

टिनयावचं हे 'हो हो' अलीकडे कशालाही येत असे. जेवलास का? हो हो. दोर बांधलास का? हो हो. मग बघावं तर वाडगा भरलेलाच आणि दोर मोकळा. कियूताई त्याला आळशी म्हणायची, विसरभोळा म्हणायची, आणि मनातून म्हणायची, याचं आता माझ्यात लक्षच राहिलं नाही.

सहल मुकाट्याने पार पडेल असं तिला वाटलं होतं. कसलं काय! बायका चढल्या आणि बोटीवर जत्रा भरली. एकीला दुसरीचं लक्ष हवं असलं की ती फळ्यांवर पाय आपटायची. तो धक्का लाकडातून थेट दुसरीच्या तळव्यांत जायचा. वरच्या मजल्यावरची बाई पार पुढच्या टोकाला बसलेलीला चिडवत होती. तोंडात खेकड्याची नांगी, तरी गप्पा चालूच. कियूताई सुकाणू धरून बघतच राहिली. आपण जन्मभर घसा फोडला, आणि या इंजिनाच्या धडधडीत, वाऱ्यात, भरल्या तोंडाने आरामात बोलताहेत! तिला त्यांचं मनापासून कौतुक वाटलं, थोडा हेवाही वाटला.

पुइशानची आई मूठभर चणीची, फुलाफुलांचा सदरा घातलेली. तिने कियूताईकडे पाहून दोन्ही हात ओठांपासून सुपाएवढे उघडले. सगळ्याजणी हसून लोटपोट झाल्या.

"काय म्हणाली?"

"तुमचं नाव ठेवलं," पुइशान म्हणाली. "मोठ्या तोंडाची."

"अगं, पण ऐकू येत नाही ना त्यांना?"

"मानेच्या शिरा दिसतात ना, ताई."

यावर कियूताईच सगळ्यात जास्त हसली.

अंधार पडला तेव्हा क्वुन टाँगचा काठ आला. दिव्याच्या खांबाखाली चाकांची खुर्ची होती, तिच्यात गुडघ्यांवर शाल घेतलेली फाँगमावशी, मागे खुर्ची धरून आश्रमातली बाई. कियूताईने बोट हळूच जवळ आणली. बायका धावत एकाच कडेला गोळा झाल्या. ती हातानेच त्यांना पांगवायला लागली, कारण 'बोट कलंडते' हे बोटीवरचं माणूस अपशकुन नको म्हणून तोंडाने म्हणत नाही. पुइशानच्या आईने दोन्ही हात उंच केले. काठावरून फाँगमावशीचेही हात वर आले.

आणि बोटीवरचे सगळे दिवे गेले.

बोट उभी राहिली की दिवे घालवायचे. टिनयावने सवयीने खटका ओढला होता. बायकांचे हात हवेत तसेच राहिले. काठावर फाँगमावशी डोळे बारीक करून काळोखात शोधत होती. मग तिचे हात हळूहळू शालीवर उतरले. आटोपलं असं समजून मागच्या बाईने खुर्ची वळवायला घेतली.

"दिवे लाव!" कियूताई ओरडली. "म्हाताऱ्या, दिवे!"

बंदरातला सगळ्यात मोठा आवाज इंजिनाच्या धडधडीत बुडून गेला. ती पुन्हा ओरडली, मानेच्या शिरा तटतटून. सुकाणू सोडावं तर बोट भिंतीवर आदळणार. आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात उजेड पडला. हा आळस नव्हता आणि विसरणंही नव्हतं. सारा जन्म त्या इंजिनाशेजारी काढलेल्या माणसाला ऐकूच येत नव्हतं, आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती.

तिने पाय उचलला आणि टाच फळीवर दाणकन आपटली. पुन्हा आपटली, पुन्हा आपटली. फळीखालीच इंजिनघर होतं.

झाकण उघडलं. टिनयावचं तेलकट डोकं वर आलं. होकायंत्राच्या मिणमिणत्या उजेडात कियूताईने एका हाताने बोटीची कड दाखवली, मूठ मिटली आणि पाचही बोटं फाडकन उघडली. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं आणि तो खाली पळाला.

माकुळीचे दिवे लागले. बोटीची अख्खी बाजू पांढरीफटक उजळली. काठावर फाँगमावशीने खुर्चीच्या चाकावर हात मारून मागच्या बाईला थांबवलं.

मग जे बोलणं सुरू झालं त्याला काठ आणि बोट यांच्यातलं पाणी आडवं आलं नाही. मधून एक मालबोट भोंगा वाजवत गेली, तरी कुणाचा शब्द हरवला नाही.

"काय म्हणतेय ती?" कियूताईने विचारलं, आणि आपण कुजबुजतोय हे तिचं तिलाच जाणवलं.

"विचारतेय, खेकड्यात लसूण कमी होता का. दरवर्षी कमी असतो म्हणे."

"माझ्या खेकड्यात?"

"आई सांगतेय," पुइशानने डोळे पुसले, "लसूण भरपूर होता. तूच तेवढी कमी होतीस."

पाणी उसळायला लागेपर्यंत कियूताईने बोट तिथे धरून ठेवली. खरं तर त्यानंतरही थोडी धरलीच.

बायका उतरून गेल्या. बोट अबर्डीनला परतली, दोर बांधून झाले. टिनयाव फडक्याने हात पुसत पाठमोरा बसला होता. कियूताईने हाक मारायला तोंड उघडलं, मग मिटलं. तिने टाचेने फळीवर हलकेच टकटक केलं. तो वळला. तिने डाव्या तळव्याचा वाडगा केला आणि उजव्या हाताची दोन बोटं जेवायच्या काड्यांसारखी त्यातून तोंडाकडे नेली.

टिनयावने तिच्या हातांकडे पाहिलं आणि फडकं बाजूला ठेवलं.

"नाही," तो म्हणाला. "अजून नाही जेवलो."