पांढरी सहा

"बासरी चढली आहे तुमची," कानू म्हणाला आणि खुंट्या पिळायची किल्ली फडक्याने पुसू लागला.

शाळेच्या सभागृहात आम्ही चौघंच होतो. पियानोपाशी माझा धाकटा भाऊ कानू, त्याच्या शेजारी संगीताच्या बाई, बासरी घेऊन उभी असलेली आठवीतली एक मुलगी, आणि पहिल्या रांगेत त्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली मी. दुसऱ्या दिवशी शाळेचा वार्षिक कार्यक्रम होता. कानूने सकाळपासून तीन तास खपून पियानो सुरात लावला होता. मग बाईंनी पट्ट्यांवर बोटं ठेवली, मुलीने बासरी फुंकली, आणि दोन्ही मिळून असा काही आवाज निघाला की मुलगी दचकून थांबलीच.

"काका, कालपर्यंत ठीक होती हो बासरी," बाई म्हणाल्या.

"काल पियानो बिघडलेला होता ना? बिघडलेल्याशी जुळत होती, यातच काय ते समजा."

बाईंना हसू आलं. त्यांनी कपाटातून दुसरी बासरी आणली. तीही चढी निघाली. मग ट्रम्पेट आणला. तोही चढा.

"सगळी एकाच कपाटात कोंडता की काय?" कानू म्हणाला. "एकमेकांचं बघून बिघडलेली दिसतात."

या वेळी बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उगाच पिशवीचा बंद सारखा करत बसले. मला कारण ठाऊक होतं, आणि दोन वर्षं मी ते पोटात ठेवलं होतं.

कानू हे त्याचं खरं नाव नव्हे. पाच वर्षांचा असताना एकदा स्वयंपाकघरात माझ्या हातून चमचा पडला, तर हा जेवता जेवता म्हणाला, "पांढरी पाच." पियानोच्या पट्ट्या आम्ही रंगाने आणि आकड्याने ओळखतो, पांढरी एक, काळी दोन, अशा. वडिलांनी तोच चमचा पुन्हा पाडला आणि बाहेरच्या खोलीतल्या जुन्या पियानोवर पट्टी दाबून पाहिली. पांढरी पाच. त्या संध्याकाळी आमच्या घरातली झाडून सगळी भांडी जमिनीवर पडली. एकही सूर चुकला नाही. आई एवढंच म्हणाली, "कपबश्या तेवढ्या सोडा हो." त्या दिवसापासून तो कानू झाला.

नंतर नऊ वर्षं वडील त्याला गावोगाव घेऊन फिरले. डोळ्यांवर काळी पट्टी, गळ्याला बो, आणि समोर शेपाचशे माणसं. कुणी सायकलची घंटी वाजवी, कुणी किल्ल्यांचा जुडगा. एकदा मागच्या रांगेत एक गृहस्थ जोरात शिंकले. कानू चटकन म्हणाला, "काळी तीन! पण जरा उतरलेली." लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायच्या बेताला आले. मी पडद्याआड त्याचा स्वेटर घेऊन उभी असायची. वडील मला म्हणत, "ही नुसती सुरुवात आहे. हा मुलगा पुढे काय करील, बघत राहा."

आम्ही बघत राहिलो. त्याला मिसरूड फुटली, आवाज फुटला, आणि बोलावणी कमी होत होत थांबली. तो पियानो वाजवायचा, पण शिकलेली चार मुलं वाजवतील तितपतच. चाली रचायला बसवला, तर तासभर खिडकीबाहेर बघून उठायचा. "ताई, मला ऐकू येतं," तो म्हणायचा, "सुचत काहीच नाही." आमची आत्या येईल तेव्हा विचारायची, "काय रे, अजून चमचेच ओळखतोस का?" वडिलांनी बातम्यांची कात्रणं कपाटात टाकली आणि मरेपर्यंत तो विषय काढला नाही. कानू वाद्यदुरुस्तीच्या दुकानात लागला. चाळीस वर्षं त्याने लोकांचे पियानो लावले. लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर तो माझ्याकडेच राहायला आला.

पियानो लावणारे जवळ नादकाटा बाळगतात. दोन दातांचा पोलादी काटा. आपटला की पांढरी सहा वाजते, तिच्यावरून बाकीच्या तारा लावत जायच्या. कानूने तो कधी वापरला नाही. "मला कशाला काटा?" म्हणायचा. त्याच्याकडे एवढंच उरलं होतं, म्हणून मीही कधी आग्रह केला नाही.

दोन वर्षांपूर्वी तो कुरकुरायला लागला. दारावरची घंटा चढलीये. रेडिओवरचे सगळे गवय्ये चढे गातायत. मी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तो शेजारच्या खोलीत तपासणीचे हेडफोन काढत होता, तेवढ्यात डॉक्टर मला म्हणाले, "वयाबरोबर कानाचं आतलं माप सरकतं, आजी. तुम्हाआम्हाला पत्ताही लागत नाही. यांच्यासारख्यांना सगळं जग अर्धा सूर वर गेल्यासारखं वाटतं. औषध नाही." बाहेर आल्यावर कानूने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "मळ होता थोडा."

त्याच्या कानाला बरोबर वाटेपर्यंत तो तारा सैल करी, म्हणून तेव्हापासून त्याने लावलेला प्रत्येक पियानो अर्धा सूर खाली उतरला होता. घरात पियानो एकटाच असतो, तिथे कुणाच्या ध्यानात येत नाही. इथे जोडीला बासरी होती.

बाईंनी टेबलाच्या खणातून नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि त्याच्या कानाशी धरला. "काका, ही पांढरी सहा."

कानूने ऐकलं. "छे. काळी पाच आहे ही, अर्धा सूर वर. काटा वाकला असेल."

"पोलादाचा आहे हो."

"मग कारखान्यात चुकला असेल!" त्याचा आवाज चढला. मग तो एकदम खुर्चीत वळून पाठमोरा बसला. "ए मुली, वाजव तुला हवं ते. मी सांगतो."

मुलीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, पण हो म्हणून की नको म्हणून ते मला कळलं नाही. मुलीने फुंकलं.

"पांढरी तीन," कानू म्हणाला.

मुलीने दुसरा सूर काढला.

"काळी चार. पुढे."

"आजोबा," मुलगी अगदी हळू म्हणाली, "तुम्ही दोन्ही वेळेला एक पट्टी पुढची सांगताय."

कानूची पाठ मला दिसत होती. कोट खांद्यावर जरा मोठा झाला होता, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. तो मान न वळवता म्हणाला, "ताई, त्या डॉक्टरांनी मळ काढलाच नव्हता ना?"

खोटं बोलायला मला अजून एक संधी होती. "नाही रे," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"आणि तू मला इतक्या घरी पाठवलंस."

बाई चटकन पुढे झाल्या. "काका, राहू दे आता. थकलात तुम्ही. मी संध्याकाळी दुसऱ्या कुणाला तरी..."

"काटा द्या इकडे," कानू म्हणाला.

त्याने पुन्हा पियानोचं झाकण उघडलं. नादकाटा आपटून त्याची दांडी लाकडाला टेकवली आणि मधल्या तारेच्या खुंटीवर किल्ली चढवून ती कणाकणाने ओढू लागला. चेहरा असा, जणू त्याला कुणी शिवी द्यायला लावली आहे. तार वर गेली, अजून वर गेली. मग तो थांबला. पट्टी दाबली, काटा आपटला, पट्टी दाबली.

"ताई," त्याने विचारलं, "जुळलं का गं?"

मला सुरांतलं काही कळत नाही. मला सकाळपासून सगळं सारखंच ऐकू येत होतं.

"हो," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली आणि किल्ली पुढच्या खुंटीवर चढवली.