डोंगराईच्या मागची वाटी

नारळी पौर्णिमेच्या सकाळी अख्खं गाव डोंगराईच्या टेकडीवर लोटलं होतं. खाडीत होड्या सोडण्याआधी देवीचा कौल घ्यायची आमच्याकडची रीत. विहिरीच्या पाण्यात बुडवलेली पाकळी देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, खाडीच्या पाण्यातली डाव्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

सगळ्या होड्यांना होकार मिळाला. जयदेवची पाळी आली आणि डावी पाकळी टपकन खाली आली. उजवी जागची हलेना. गर्दीत खसखस पिकली.

कौल लावणारा भगत गोटीराम लगेच घुमू लागला. "हूंऽऽ! ह्याच्या बायकोनं खाडी बांधलीन! समदी मासली यांच्याच जाल्यात! यांची होरी पान्यात गेली तर मी खाडी सुकवीन!"

भरती-ओहोटी सोडून देवी घरोघरच्या टोपल्या मोजते, हे मला नवीन होतं.

जयदेवची बायको मैना दोन लेकरांना धरून खांबाशी उभी होती. होडी बांधून ठेवली तर हंगामभर चूल पेटायची नाही. पण तिच्या बाजूनं बोलणार कोण? जयदेवनं सुताचं जाळं टाकून नायलॉनचं आणलं, मासळी भरपूर मिळू लागली, मैनाच्या गळ्यात सोन्याची माळ आली, आणि तेव्हापासून गाव नुसतं जळत होतं. मी या गावची मास्तरीण. मुलांच्या भांडणांतसुद्धा ती माळ यायची. मैनाची जाऊ गंगू तर तिच्या अंगणात पाय टाकत नव्हती.

"गोटीरामदादा," मी म्हटलं, "विहिरीचं पाणी सगळ्यांना समोरच्या वाटीतलं, मग जयदेवला देवीच्या मागच्या वाटीतलं का?"

"बाई, पाप्यांना आईच्या पाठचंच पानी लागतं!"

मुलांच्या खरचटलेल्या गुडघ्यांसाठी टिंक्चर आयोडीनची बाटली माझ्या पिशवीत असतेच. समोरच्या वाटीत थेंब टाकला. पाणी पिवळसर झालं. मागच्या वाटीत टाकला, पाणी निळंकाळं.

"भूत!" भगत ओरडला. "बाईनं बाटलीतून भूत सोडलाय!"

मी नैवेद्याच्या भातावर थेंब टाकला. भातही निळाकाळा झाला.

"भातातही भूत का, दादा? अहो, मागच्या वाटीत पाणी नाही, भाताची पेज आहे. पेजेनं पतंग चिकटतो, मग पाकळी चिकटणार नाही?"

गोटीरामचं घुमणं जागच्या जागी थांबलं. त्यानं हळूच गंगूकडे पाहिलं, आणि गावानंही.

"हो, मीच दिली पेज," गंगू रडत म्हणाली. "तिच्या गल्यातली माल बघून मला घास गिलवत नव्हता. पन तुमी सांगा, डावी पडली तवा कुनी म्हनला काय, परत लावून बघा म्हनून? समदी हसलाव ना?"

मैनानं लेकरांना पुढे घातलं आणि ती टेकडी उतरू लागली. तिच्या मागोमाग जयदेव होडी सोडायला निघाला.

देवीला हात जोडा, माझी ना नाही. पण शेजाऱ्याचं वाटोळं सांगणारा चमत्कार दिसला, की टाळ्या पिटण्याआधी स्वतःला एकदा विचारा: हे खरं आहे म्हणून मला पटतंय, की मला हवंच होतं म्हणून?