बेकरीवाल्याच्या तोंडाचा वास

शिंपीणबाईंची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार. नवऱ्याची पँट तिसऱ्यांदा सैल करताना त्या म्हणाल्या, "अहो, आता शिवणीत कापडच उरलं नाही. पुढच्या वेळी पडदा जोडते!" नवरा बेकरीवाला. एरवी टोल्याला प्रतिटोला देणारा माणूस, त्या दिवशी पँट उचलून तडक बेकरीत गेला. जिव्हारी लागलं होतं, पण बाईंना त्याचा पत्ताच नाही.

आठवडाभरात बाईंच्या नाकाने खबर दिली. ह्यांच्या तोंडाला वास! गोडसर, उग्र, पिकून उतरलेल्या फळासारखा. बाईंना वाटलं, पुन्हा दारूच! ह्यांनी ती सोडून दोन वर्षं झाली होती. पुन्हा थेंब घेतलात तर मी भावाकडे निघून जाईन, असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं, आणि बाई एकदा बोलल्या की बोलल्या. आता सरळ विचारायचं की नाही? तेवढं धाडस होईना. मग भांडी आपटणं आणि शिलाई मशीन दामटणं सुरू झालं.

नणंद रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला. ती सहज डोकावली, तर वहिनीने पदर डोळ्यांना लावला. "वन्सं, ह्यांनी पुन्हा सुरू केली हो!"

इतक्यात बेकरीवाला आलाच. बहिणीने दारातच फर्मावलं, "दादा, आ कर!" वास घेतला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पाव कधी सोडलास रे?"

दादाचा चेहरा पकडलेल्या चोरासारखा झाला. "हळू बोल! पाव, साखर, बटाटा, सगळंच सोडलंय. अंडी आणि लोण्यावर आहे. गिऱ्हाइकांना कळलं तर म्हणतील, हाच आपला पाव खात नाही!"

नणंदेने पर्समधून सामान काढलं. बोटातल्या थेंबातली साखर ठीक निघाली. लघवीत बुडवलेली पट्टी मात्र जांभळी झाली.

"वहिनी, हे कीटोन. बाहेरून साखर येईनाशी झाली, की शरीर साठवलेली चरबी काढतं. यकृत त्या चरबीचे कीटोन करतं, आणि मेंदू, हृदय, स्नायू त्यावरही चालतात. त्यातलाच थोडा ॲसिटोन बनून श्वासातून बाहेर पडतो. नेलपॉलिश पुसायच्या औषधात असतो ना, तोच. दादाची ढेरी जळतेय आणि धूर तोंडातून येतोय! मात्र मधुमेह असता तर हे अंगाशी आलं असतं. असले उद्योग विचारून करत जा."

ती हसत निघून गेली. बेकरीवाला खुर्चीत बसून राहिला. बायकोने दारूचा संशय घेतला, ह्याचं त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"अगं, विचारायचंस तरी एकदा."

"आणि हो म्हणाला असतात तर?" बाई म्हणाल्या. "मग मला जावं लागलं असतं. मला नव्हतं जायचं."